रंगपेटी आणि पंचांग



वसंतातील व्याख्याने आणि सुट्टीचे बेत ह्यांचा मुहूर्त एकच असतो. ह्या मंडपात बसलेल्यांपैकी निम्म्या मंडळींच्या घरी सध्या कोकणात कुठे जायचे, कुणाकडे उतरायचे ह्याची बोलणी चालू असतील. तेव्हा सुट्टीत समुद्राकाठी बसून चित्र कसे काढावे हा विषय संयोजकांनी मला दिला, तो समयोचितच म्हटला पाहिजे. मी काही नावाजलेला चित्रकार नव्हे. बत्तीस वर्षे हायस्कुलात ड्रॉइंग शिकविले, मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसविले आणि जवळजवळ प्रत्येक सुट्टी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर स्टूल टाकून घालविली, एवढीच माझी शिदोरी. त्या बत्तीस वर्षांत मी हजारो समुद्रचित्रे तपासली, आणि आपण विश्वास ठेवाल की नाही कोण जाणे, ती सगळी एकच चित्र होते.

ते चित्र आपणांलाही ठाऊक आहे. खाली पिवळी वाळू, वर निळे पाणी, डाव्या कडेला पाण्याकडे झुकलेला माड, मध्ये पांढऱ्या शिडाची होडी, आणि क्षितिजावर अर्धा बुडालेला लाल सूर्य. आमचे गाव देशावरचे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेलाही नसे. त्यांनी असे चित्र काढले तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण समुद्राकाठी आठ दिवस राहून आलेला मुलगाही तेच चित्र काढी, आणि त्याच्याबरोबर गेलेले त्याचे वडीलही तेच काढीत. म्हणजे ही मंडळी समुद्रापर्यंत गेली खरी, पण चित्र त्यांनी घरूनच नेले होते.

मी तरी वेगळे काय केले होते? चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलो होतो. भाऊबिजेचा दिवस. दांडीच्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत दुपारी बाराला बसलो आणि साडेतीनला उठलो. समोर सिंधुदुर्ग. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली तो किल्ला पाण्यात एखाद्या लांबलचक जहाजासारखा पसरलेला दिसतो. मी आधी आकाश रंगविले, मग तट, मग नांगरून ठेवलेली एक होडी, तिच्या शेजारी पसरलेले पाणी आणि सर्वांत शेवटी पुढचे काळे खडक, त्यांवरचे शेवाळ, मधली डबकी. चित्र साधले असे मला वाटले. अशा वेळी माणसाला प्रेक्षक हवा असतो. एक म्हातारा तांडेल जाळे सांधीत मागे बसला होता, त्याला मी चित्र दाखविले. त्याने ते हातभर लांब धरून पाहिले आणि विचारले, "मास्तर, ह्यां पाणी भरतीचां काय सुकतीचां?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने बोटाने दाखविले. होडी तरंगते आहे ती भरतीच्या पाण्यात. पुढे जे खडक उघडे पडले आहेत ते ओहोटीचे. हे खडक दिसू लागतात तेव्हा ती होडी तिथे तरंगत नाही, वाळूत कलून बसते. मी वळून पाहिले. होडी खरोखरच कललेली होती! मी तिच्याकडे दोन तास पाहिलेच नव्हते. तो एवढ्यावर थांबला नाही. तट उन्हात होता तो बाराचा. गावाकडची ती बाजू दुपार कलली की सावलीत जाते, आणि होडीची सावली तर मी साडेतीनची काढली होती. एका कागदावर साडेतीन तास एकमेकांच्या मांडीवर बसले होते. तांडेलाने चित्र परत दिले आणि म्हणाला, "रंग मात्र बरो लागलो हा." त्याच्या मनात मला वाईट वाटू नये एवढेच होते.

शहरातल्या एकाही परीक्षकाने ती चूक मला दाखविली नसती, कारण त्यांपैकी कुणाचे पोट त्या पाण्यावर चाललेले नाही. पुढे तेच चित्र मी गावातल्या दोनतीन जाणकारांना मुद्दाम दाखविले. सर्वांनी वाहवा केली.

डोंगराचे चित्र काढणाऱ्याला फक्त ऊन बदलते. समुद्राकाठी ऊन बदलते आणि जागाही बदलते. सकाळी जिथे पाणी होते तिथे दुपारी मैदान असते. म्हणून समुद्राचे चित्र काढायला निघणाऱ्याने रंगपेटीच्या आधी पंचांग पिशवीत घालावे असे मी म्हणतो. ह्यात थट्टा मुळीच नाही. कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी चढलेले आणि दुपारी बाराला उतरलेले. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या अलीकडे. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी उशिरा येते, तिचेच हे सोपे रूप. मुंबईच्या आसपास हा हिशेब पुष्कळसा जुळतो. दक्षिणेकडे मालवण-गोव्याच्या बाजूला गेलात तर भरती ह्याहून तासभर अलीकडे येते. तिथे गावच्या माणसाला विचारून फरक लक्षात ठेवावा.

ह्यातली गंमत अशी की आपले सण तिथीवर असल्यामुळे त्या दिवसांचा समुद्रही ठरलेला असतो. नारळीपौर्णिमेला दुपारचे पाणी भरलेले. गणेशचतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. अनंतचतुर्दशीला साडेदहाला भरती, म्हणून मुंबईत विसर्जनाची मिरवणूक संध्याकाळी पाचच्या सुमारास चौपाटीवर पोचली तर पाणी दूर गेलेले. आणि माझी ती भाऊबीज! द्वितीयेची पाऊणपट दीड, मालवणला त्याहून तासभर आधी. मी बसलो तेव्हा पाणी अगदी काठोकाठ होते आणि उठलो तेव्हा निम्मे उतरले होते. आदल्या रात्री पंचांग उघडले असते तर हे मला अंथरुणातच कळले असते.

आता हा हिशेब चित्रकाराच्या कामाचा कसा तो सांगतो. समजा आपणांला सूर्यास्ताचे चित्र काढायचे आहे. सर्वांनाच ते काढायचे असते. अष्टमीच्या आसपास गेलात तर सूर्य मावळताना पाणी आपल्या पायांशी भरलेले असेल. लाटा जवळ, वाळूचा पट्टा अरुंद. ह्या दिवसांत भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी. नवशिक्याने हेच दिवस धरावेत, कारण समोरचा देखावा तुलनेने स्थिर राहतो. उलट पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एकदोन दिवसांत गेलात तर उधाणाचे दिवस, आणि सूर्यास्ताला पाणी दूरवर मागे गेलेले. मुंबईकडे उधाणाच्या पाण्यात चार-पाच मीटरांचा फरक पडतो, गोव्याकडे दोनेक मीटरांचा. त्या वेळी आपल्यासमोर पाणी नसतेच, असते ती ओली वाळू. ती आरशासारखी सारे आकाश आपल्या अंगावर घेते. कोरडी वाळू उजळ, ओली काळसर, आणि त्या काळसरपणातच आकाशाचा केशरी रंग उतरलेला. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरचा हा सर्वांत सुंदर देखावा आहे, आणि तो त्या ठराविक चित्रात कधीच येत नाही, कारण त्यात वाळू पिवळी असते असे आधीच ठरलेले आहे.

भरतीने माझी फक्त फजिती केली. एका फार मोठ्या चित्रकाराचा तिने जवळजवळ प्राणच घेतला होता. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर एत्रता नावाचे गाव आहे. तिथे खडूच्या पांढऱ्या कड्यांना समुद्राने कोरून प्रचंड कमानी पाडल्या आहेत. क्लोद मोने हा चित्रकार १८८५ च्या नोव्हेंबरात त्या कड्याखाली बसून चित्र काढीत होता. त्याचा समज की पाणी उतरते आहे. एकाएकी आलेल्या एका लाटेने त्याला कड्यावर आपटले आणि घोडी, चित्र, रंग सारे ओढून नेले. हातातल्या पॅलेटचे रंग दाढीला फासले गेले, असे त्याने स्वतःच पत्रात लिहिले आहे. भरतीचे कोष्टक वाचताना चूक झाली, एवढेच कारण. माझी चूक मोनेच्याच जातीची होती असे मी वर्गात सांगत असे, मुले हसत.

पण मोनेकडून शिकायचे ते दुसरेच. त्याच गावी त्याला काम करताना पाहून मोपासां ह्या कथालेखकाने १८८६ मध्ये त्याचे वर्णन लिहिले. मोने निघाला की मागून मुले त्याचे पाचसहा कॅनव्हास घेऊन चालत. देखावा तोच, वेळा निरनिराळ्या. ऊन बदलले की तो हातातले चित्र खाली ठेवी आणि त्या वेळेचे दुसरे उचली. एका कागदावर एकच वेळ, ही त्याची शिस्त. आपल्यामागे कॅनव्हास वाहणारी मुले नसतील, पण जलरंग वापरणाऱ्याला त्यांची गरज नाही. छोटा कागद घ्यावा, पाऊण तासात उरकावे आणि पाणी बदलले की दुसरा कागद घ्यावा. अर्धवट राहिलेले चित्र अर्धवटच घरी न्यावे. नंतर आठवणीने पुरे करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण आठवण लगेच तो माड आणून उभा करते.

आता पाण्याच्या रंगाविषयी. समुद्र निळा असतो ही गोष्ट कुणी पसरविली देव जाणे. आपल्या पायांशी पाहिले तर पाण्यातून तळ दिसतो. तिथे रंग वाळूचा, शेवाळाचा. दूर पाहिले तर पाणी आकाश परतवते. तिथे रंग आकाशाचा. खाडीच्या मुखाशी गाळामुळे गढूळ हिरवा. मे महिन्यात हवेत धुरकटपणा इतका असतो की क्षितिजाची रेघही सापडत नाही. पाणी आणि आकाश एकाच राखी रंगात विरघळतात. नवशिका मात्र पट्टीने घट्ट निळी रेघ ओढतो आणि सारे चित्र मरते.

शिवाय आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे ध्यानात धरले पाहिजे. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, जमिनीवरून येते. समोरचे सारे उजळ, सपाट, रंग स्पष्ट. दुपारनंतर आपण उन्हाकडे तोंड करून बसतो. होड्या, खडक, माणसे काळी दिसू लागतात, पाण्याची चांदी होते, आणि एक चमत्कार घडतो. फुटण्याच्या क्षणी लाट वर पातळ होते, तिच्या आरपार ऊन येते आणि तेवढ्या पट्टीत काचेसारखा हिरवा रंग पेटतो. त्याच वेळी लाटेचा फेस, जो सकाळी पांढराशुभ्र होता, तो सावलीकडून पाहिल्यामुळे करडा दिसतो. हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले तो पुन्हा फेसाला डोळे मिटून पांढरा रंग लावणार नाही. हे बारकावे कागदावर साधणे कठीण आहे. मला तीस वर्षांत चारदोनदा साधले असतील.

क्षितिजाबद्दल एकच सांगतो. ते नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. आपण बसलो की तेही खाली बसते. वाळूत बसलेल्या माणसाला सुमारे साडेतीन किलोमीटरांवरचे क्षितिज दिसते, पन्नास मीटरांच्या कड्यावर उभे राहिल्यास पंचवीस किलोमीटरांचे. म्हणून कड्यावरून पाणी पसरट, पुष्कळ दिसते आणि वाळूत बसून फक्त एक अरुंद पट्टी. वाळूत बसून कड्यावरचा समुद्र काढणारे पुष्कळ भेटतात.

सामानाचे फारसे मनावर घेऊ नये. लहान पेटी, दोन कुंचले, हातकागदाचे तुकडे, फळी आणि घरून नेलेले गोडे पाणी. समुद्राचे पाणी कुंचल्याला लावू नये. मीठ कागदात राहते आणि हवा दमट झाली की कागद पुन्हा ओलावतो. कागद उन्हात धरू नये. त्याच्या लखलखाटात रंग फिके वाटतात, आपण गडद करीत जातो आणि घरी आल्यावर चित्र काजळीसारखे दिसते. डोक्यावर टोपी हवी. बस्स.

आता जरा नाजूक गोष्ट सांगायची आहे. पांढऱ्या शिडाची होडी. आज आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक मच्छीमारी इंजिनावर चालते. होड्या पुष्कळ ठिकाणी फायबरच्या, जाळी नायलॉनची, आणि किनाऱ्यावर पडलेल्या होडीवर निळे प्लॅस्टिकचे कापड. तरी प्रदर्शनांतून पाहावे तर शिडेच शिडे. मी एकदा निळ्या कापडाखालची होडी जशीच्या तशी रंगवून एका प्रदर्शनात पाठविली. परीक्षकांपैकी एकाने आपुलकीने सल्ला दिला, ते निळे तेवढे काढून टाका, चित्राला गोडी येईल. मी काढले नाही, आणि बक्षीसही मिळाले नाही. पण ते निळे कापड हा त्या माणसाचा संसार झाकणारा तुकडा आहे. आपण आठ दिवसांचे पाहुणे. ज्यांच्या दाराशी बसून आपण चित्र काढतो त्यांना त्यांच्या आजोबांच्या वेशात उभे करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? शीड खरेच दिसले तर आनंदाने काढावे. नसेल तर इंजिनाची होडीही समुद्रात डौलाने डुलते, आणि उलांडी असलेली होडी दिसली तर मग विचारूच नका. तिच्या त्या बाजूला टेकलेल्या आडव्या लाकडाने चित्राला जो तोल येतो तो शिडाने येत नाही.

रापण पाहायला मिळाली तर बाकी सारे सोडून तिचे रेखाटन करावे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळे टाकलेले असते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन रांगा ओढत आणतात. पुरुष, बायका, म्हातारे, पोरे सारे त्यात असतात. माणसे हलतात म्हणून नवशिका घाबरतो. आधी माणसे काढूच नयेत. आधी दोर काढावा. तो ताणलेला असतो, सरळ असतो, हलत नाही. मग त्या दोराला प्रत्येक शरीर किती अंशांनी कलले आहे तेवढी एकेक रेघ. ह्या रेघा जमल्या की चेहऱ्यांशिवाय माणसे उभी राहतात. आणि दोराच्या वाटेत स्टूल टाकून बसू नये. मी बसलो होतो. कुणी रागावले नाही. एका बाईने स्टुलासकट मला बाजूला सरकविले आणि दोर पुढे गेला. वाळत घातलेल्या मासळीजवळ बसायचे असेल तर तिथल्या बाईला आधी विचारावे. "मावशी, इथे बसू का?" एवढे पुरते. बहुधा ती पाटही देते.

कुणी म्हणेल, मास्तर, खिशातल्या मोबाईलने हे सारे क्षणात टिपता येते, मग एवढा खटाटोप कशाला? फोटो जरूर काढावा, मीही काढतो. पण एक पाहिले आहे. पाऊण तास बसून ज्या खडकाचे चित्र काढले तो खडक मला वीस वर्षांनंतर जागेवर जाऊन ओळखता आला. ज्यांचे नुसते फोटो घेतले ते किनारे कुठले, हेही आता सांगता येत नाही. सावंतवाडीस जन्मलेले सावळाराम हळदणकर, कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी पुन्हा पुन्हा जाऊन बसणारे आबालाल रहिमान, ही आपली माणसे जलरंगात एवढी का रमली असतील ते पाऊण तासाच्या त्या बैठकीत थोडेसे कळते.

त्या मालवणच्या चित्राचे काय झाले असे विचाराल. ते मी दुरुस्त केले नाही. दुसऱ्या दिवशी तांडेलाला विचारून पाण्याची वेळ ठरविली, सकाळी लवकर गेलो आणि त्याच जागी नुसत्या पेन्सिलीने होडी काढली. सकाळचे मतलई वारे जमिनीवरून वाहत होते, म्हणून नांगरलेल्या होडीचे नाक जमिनीकडे होते. दुपारी खारे वारे सुटले तेव्हा ती आपोआप वळली आणि समुद्राकडे पाहू लागली. ती दोन्ही रेखाटने मी त्याला नेऊन दाखविली. त्याने पहिल्याकडे बोट करून वेळ सांगितली, मग दुसऱ्याकडे बोट करून सांगितली. दोन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आत बरोबर होत्या.

तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या मागे मी तिथी, वेळ, पाणी चढते की उतरते आणि वारा कुठला एवढे लिहितो. ते जुने चित्र अजून माझ्या खोलीत टांगलेले आहे. त्याच्या मागे लिहिले आहे: कार्तिक शुद्ध द्वितीया, दुपारी बारा ते साडेतीन, पाणी दोन्ही प्रकारचे.